बंदिस्त खोलीतील शेती : दिव्यांची निवड आणि उष्णतेचे व्यवस्थापन

रायपूर : कृत्रिम प्रकाशात, चार भिंतींच्या आत पिके घेण्याचे तंत्र आता प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाही. पुणे आणि नागपूर येथे बंदिस्त खोलीत केशर घेण्याचे प्रयोग अलीकडच्या वर्षांत झाले आहेत. पालेभाज्या आणि कोवळी रोपे अर्थात मायक्रोग्रीन्स पिकविणारी छोटी केंद्रेही महानगरांत उभी राहत आहेत. या शेतीकडे वळणारा नवखा उत्पादक सर्वप्रथम दिव्यांची चौकशी करतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी आर्थिक गणित बिघडते ते दिव्यांच्या किमतीमुळे नव्हे, तर त्यांच्यापासून निर्माण होणाऱ्या उष्णतेमुळे. ज्या शहरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि काही दिवस ४४-४५ अंशांपर्यंत पोहोचतो, तेथे हा प्रश्न अधिकच गंभीर होतो.

नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून मराठी माणसाचा छत्तीसगडशी संबंध आहे. रायपूरच्या ब्राह्मणपारा, तात्यापारा यांसारख्या जुन्या भागांत एकमेकांना लागून असलेली घरे आणि मर्यादित मोकळी जागा यांमुळे परसबागेला वाव उरत नाही. अशा घरातील दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोली शेतीसाठी वापरता येईल का, आणि वापरल्यास दिवे व थंडावा यांचा हिशेब कसा मांडावा, याचा हा आढावा.

तंत्राची दोन उगमस्थाने

बंदिस्त शेतीचे भारतातील जुने आणि यशस्वी रूप म्हणजे ऊतिसंवर्धन, अर्थात टिश्यू कल्चर. काचेच्या बाटलीत, साधारण २५ अंश तापमानात आणि दिवसाचे १६ तास ट्यूबलाइटच्या उजेडात रोपे वाढविण्याची पद्धत देशातील शेकडो प्रयोगशाळांत रुळली आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे या क्षेत्रातील कार्य सर्वज्ञात आहे. बांबूला फुलोरा येण्यास कित्येक दशके लागतात. तो ऊतिसंवर्धनाने काही महिन्यांत आणण्यात तेथील शास्त्रज्ञांना यश आले आणि त्याविषयीचा शोधनिबंध १९९० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जळगावच्या केळी उत्पादकांपर्यंत पोहोचलेली रोपेही अशाच दिव्यांखालच्या मांडण्यांवर वाढलेली असतात.

दुसरा उगम पाश्चात्त्य देशांतील गांजाच्या लागवडीत आहे. अमेरिका व कॅनडात हे पीक दीर्घकाळ लपूनछपून आणि पुढे परवान्याने बंद खोल्यांत घेतले गेले. आज बाजारात ‘ग्रो लाइट’ या नावाने मिळणाऱ्या शक्तिशाली दिव्यांच्या विकासाला त्या बाजारपेठेने मोठी चालना दिली. मात्र या पद्धतीची किंमतही तेथेच मोजली गेली. अमेरिकी संशोधक इव्हान मिल्स यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बंदिस्त गांजा लागवडीसाठी त्या देशाची सुमारे १ टक्का वीज खर्च होत असल्याचा अंदाज मांडला होता. कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील संशोधकांच्या २०२१ मधील अभ्यासानुसार, एक किलो सुक्या फुलांमागे स्थानपरत्वे २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके हरितगृह वायू उत्सर्जित होतात. खोलीतील हवा थंड, उबदार आणि कोरडी ठेवण्याचा खर्च हा त्यातील मोठा वाटा आहे. म्हणजेच पीक कोणतेही असो, कृत्रिम प्रकाशाबरोबर हवामानही विकत घ्यावे लागते.

कायदा काय सांगतो

परदेशातील नियमांच्या बातम्यांमुळे भारतातही घरगुती गांजा लागवडीला सूट असल्याचा समज काही ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून आणि जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना मर्यादित संख्येने झाडे लावण्याची मुभा दिली. भारतात मात्र १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू असलेला अमली औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ हाच कायदा आहे. या कायद्याच्या कलम ८ नुसार गांजाच्या झाडाची विनापरवाना लागवड निषिद्ध आहे. कलम २० अन्वये लागवडीसाठी १० वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जवळ बाळगण्याच्या गुन्ह्यात १ किलोपर्यंत अल्प आणि २० किलोपासून व्यापारी प्रमाण अशी गांजाची वर्गवारी केली जाते. लागवडीच्या तरतुदीत अशी उतरंड नाही.

घरमालकांसाठी कलम २५ महत्त्वाचे आहे. आपले घर किंवा खोली अशा गुन्ह्यासाठी वापरू देणारा मालक अथवा ताबेदार, त्याने ते जाणीवपूर्वक होऊ दिले असल्यास, मूळ गुन्ह्याच्या शिक्षेस पात्र ठरतो. भांगेची पाने कायद्यातील ‘गांजा’च्या व्याख्येबाहेर असली तरी त्यासाठी घरी झाड लावण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. औद्योगिक हेम्पच्या लागवडीस परवाना देण्याची सुरुवात २०१८ मध्ये उत्तराखंडने केली. ती नशा आणणाऱ्या घटकाचे प्रमाण अत्यल्प असलेल्या वाणांपुरती आणि शासकीय देखरेखीखाली आहे. त्यामुळे पुढील सर्व विवेचन पालेभाज्या, रोपवाटिका, केशर आणि फुलझाडे अशा कायदेशीर पिकांसाठी आहे.

प्रकाश कसा मोजावा

मानवी डोळ्याला जे उजळ दिसते ते वनस्पतीला पुरेसे असतेच असे नाही. ल्युमेन आणि लक्स ही मापे डोळ्याच्या संवेदनेवर बेतलेली आहेत. वनस्पती प्रकाशसंश्लेषणासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे प्रकाशकण वापरते. म्हणून एका चौरस मीटरवर एका सेकंदात असे किती मायक्रोमोल प्रकाशकण पडतात, हे माप शेतीत ग्राह्य धरले जाते. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात हा आकडा सुमारे २,००० असतो. मायक्रोग्रीन्सला १०० ते २०० आणि लेट्यूससारख्या पालेभाजीला साधारण २०० ते २५० मायक्रोमोल पुरतात. टोमॅटो, मिरची यांसारख्या फळभाज्यांना याच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक प्रकाश लागतो. म्हणूनच बंद खोलीत फळभाज्या क्वचितच परवडतात.

मायक्रोमोल मोजणारे उपकरण महाग असते. पांढऱ्या एलईडीसाठी लक्समापकावरून ढोबळ अंदाज घेता येतो. २०० मायक्रोमोल म्हणजे साधारण १३ ते १५ हजार लक्स. रात्री दिवा लावलेल्या घरातील बैठकीच्या खोलीत २०० ते ३०० लक्स उजेड असतो, हे लक्षात घेतल्यास साध्या बल्बखाली ठेवलेली रोपे लांबट व फिकट का होतात, याचा उलगडा होतो. मोजणी ट्रेच्या केवळ मध्यभागी न करता कडा व कोपऱ्यांसह किमान नऊ ठिकाणी करावी. मध्यभागी भरपूर आणि कडेला निम्मा प्रकाश असल्यास पीक एकसारखे येत नाही.

कोणता दिवा निवडावा

बाजारात प्रामुख्याने तीन प्रकार आढळतात. ट्यूबलाइट व सीएफएल हे पारा असलेले दिवे एका ज्यूल विजेमागे साधारण १ मायक्रोमोल प्रकाश देतात. ते हळूहळू बाजारातून हद्दपार होत आहेत. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता करारातील सदस्य देशांनी ट्यूबलाइटचे उत्पादन व व्यापार २०२७ पर्यंत थांबविण्याचे २०२३ मध्ये ठरविले आहे. उच्च दाबाचे सोडियम दिवे १.७ ते २ मायक्रोमोल देतात. परंतु त्यांतून मोठ्या प्रमाणात अवरक्त किरण बाहेर पडून थेट पानांवर पडतात. थंड देशांतील हरितगृहात ही ऊब उपयोगी ठरते, मध्य भारतातील खोलीत ती ओझे होते. चांगल्या प्रतीचे एलईडी २.५ ते ३ मायक्रोमोल देतात.

रंगाबाबत अनेक गैरसमज आहेत. केवळ तांबडा आणि निळा प्रकाशच उपयोगी असतो, या कल्पनेतून जांभळे दिवे लोकप्रिय झाले. मात्र मॅक्री यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनी हिरव्या प्रकाशातही प्रकाशसंश्लेषण चांगले होत असल्याचे दाखवून दिले होते. तांबड्याची जोड असलेला पांढरा एलईडी बहुतेक पिकांना चालतो आणि पानांवरील कीड-रोग ओळखणेही त्यात सोपे जाते.

खरेदी करताना वेष्टनावरील ‘१,००० वॅट समतुल्य’ यासारख्या शब्दांवर विसंबू नये. अशा दिव्याचा प्रत्यक्ष वीजवापर अनेकदा त्याच्या काही अंशच असतो. प्रत्यक्ष वॅट, एकूण मायक्रोमोल, प्रति ज्यूल कार्यक्षमता, पाण्यापासून संरक्षणाची श्रेणी आणि हमीचा कालावधी या पाच बाबी लेखी मागाव्यात.

किती तास, कोणत्या वेळी

अनेक वनस्पती दिवस-रात्रीच्या लांबीवरून फुलोऱ्याची वेळ ठरवितात, हे गार्नर व अॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखूवरील प्रयोगांतून मांडले. शेवंती हे लांब रात्रीत फुलणारे पीक आहे. म्हणूनच उत्पादक रात्री काही वेळ दिवे लावून तिचा बहर पुढे ढकलतात. पालेभाज्यांना सामान्यतः १४ ते १६ तास प्रकाश दिला जातो.

येथे उष्ण शहरासाठी एक सोपी सवलत उपलब्ध आहे. खोलीतील ‘दिवस’ बाहेरच्या दिवसाशी जुळणे आवश्यक नसते. १६ तास प्रकाश द्यावयाचा असल्यास दुपारी १२ ते रात्री ८ हा काळ अंधाराचा ठेवावा आणि दिवे रात्री ८ ते दुसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंत चालवावेत. सिमेंटचा स्लॅब दुपारी तापतो आणि ती उष्णता संध्याकाळपर्यंत आत सोडत राहतो. दिवे त्या वेळी बंद असल्यास दोन्ही उष्णता एकाच वेळी खोलीत येत नाहीत.

प्रत्येक वॅटचा शेवट उष्णतेत

‘एलईडी गरम होत नाही’ हे विधान अर्धसत्य आहे. उत्तम एलईडी निम्म्याहून थोड्या अधिक विजेचे प्रकाशात रूपांतर करतो आणि उरलेली वीज त्याच्या पाठीमागील धातूच्या पट्टीत उष्णता बनते. पुढे तो प्रकाशही पाने, ट्रे व भिंती शोषून घेतात. वनस्पतीत रासायनिक ऊर्जेच्या रूपाने साठणारा हिस्सा अगदी अल्प असतो. त्यामुळे हिशेबासाठी दिव्याने घेतलेली सर्व वीज खोलीत उष्णता म्हणून उतरते, असेच धरावे. एलईडीचा लाभ असा की तितक्याच प्रकाशासाठी मुळात कमी वॅट लागतात.

उदाहरणादाखल दहा बाय दहा फुटांच्या खोलीत मांडणीवर ६ चौरस मीटर ट्रे आहेत, त्यांवर २०० मायक्रोमोल प्रकाश १६ तास द्यायचा आहे आणि दिव्यांच्या प्रकाशापैकी ८० टक्के ट्रेवर पडतो, असे समजू. २.५ मायक्रोमोल कार्यक्षमतेच्या एलईडीसाठी ६०० वॅट लागतील, दिवसाला ९.६ युनिट. हेच काम १ मायक्रोमोलच्या ट्यूबलाइटने करायचे झाल्यास १,५०० वॅट आणि २४ युनिट लागतील. ही उष्णता बाहेर काढणारे वातानुकूलन यंत्र एक युनिट विजेत तीन युनिट उष्णता हलविते असे मानल्यास एकूण खर्च अनुक्रमे १२.८ आणि ३२ युनिट होतो. महिन्याचे ३८४ विरुद्ध ९६० युनिट. युनिटला ७ रुपये दर धरला तर २,६८८ आणि ६,७२० रुपये. भिंती, छत व दारातून येणारी उष्णता याहून वेगळी आहे. स्वस्त दिवा काही महिन्यांतच महाग का ठरतो, हे या आकड्यांतून स्पष्ट होते.

पंखा, कूलर की वातानुकूलन

बाहेरची हवा खोलीपेक्षा थंड असेल तरच हवा खेळती ठेवून उष्णता घालविता येते. वरील उदाहरणात तापमान बाहेरच्यापेक्षा ३ अंशांहून अधिक वाढू द्यायचे नसल्यास ताशी सुमारे ६२० घनमीटर हवा बाहेर फेकणारा पंखा लागेल. रायपूरमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात हा उपाय पुरेसा ठरू शकतो.

एप्रिल-मेच्या कोरड्या उष्म्यात वाळ्याचा किंवा मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पॅडचा कूलर प्रभावी असतो. हवा ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असताना चांगला कूलर सुमारे २७ अंशांची हवा देऊ शकतो. मात्र पावसाळ्यात हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के झाली की तोच कूलर जेमतेम दोन अंशांचा फरक पाडतो आणि खोलीत ओलावा वाढवितो. या काळात वातानुकूलन किंवा आर्द्रता शोषणारे यंत्र यांना पर्याय उरत नाही.

ओलाव्याचा उगम पिकातच असतो. झाडे मुळांवाटे घेतलेले बहुतांश पाणी पानांवाटे वाफेच्या रूपाने सोडतात. दिव्यांच्या ९.६ युनिट ऊर्जेपैकी निम्मी या बाष्पीभवनात गेली तर दिवसाला सुमारे ७ लिटर पाणी हवेत मिसळते. ते बाहेर न काढल्यास भुरी, करपा आणि रोपे कोलमडण्याचे रोग बळावतात. पानांवरून सतत मंद वारा वाहील असे छोटे पंखे ठेवणे आणि आर्द्रता ५० ते ७० टक्क्यांदरम्यान राखणे, हे त्यावरचे साधे उपाय आहेत.

यंत्रांआधी खोलीची निवड महत्त्वाची आहे. छताखालच्या खोलीऐवजी तळमजल्यावरील, उत्तरेकडची खोली निवडल्यास उन्हाचा भार मोठ्या प्रमाणात कमी होतो. गच्चीवरच्या खोलीला पर्याय नसेल तर स्लॅबवर पांढरा परावर्तक लेप आणि आतून उष्णतारोधक थर द्यावा. दिव्यांचे ड्रायव्हर, म्हणजे वीज नियंत्रित करणारे डबे, खोलीबाहेर बसविल्यास त्यांची उष्णता आत येत नाही.

केशराचे उलटे गणित

केशराच्या बाबतीत प्रकाशापेक्षा तापमान निर्णायक ठरते. कंदाच्या आत फुलाचा कोंब उन्हाळ्यात २३ ते २७ अंशांदरम्यान तयार होतो आणि शरद ऋतूत तापमान १७ अंशांच्या आसपास आल्यावर तो बाहेर येतो. या काळात माती नसली तरी फुले येतात. म्हणूनच ट्रेमध्ये मांडलेल्या कंदांवर जांभळी फुले उमललेली छायाचित्रे आकर्षक दिसतात. परंतु फुले खुडल्यानंतर पाने वाढून नवे कंद पोसण्यास काही महिने माती, पोषण आणि भरपूर प्रकाश लागतो. हा टप्पा दुर्लक्षित झाल्यास पुढील हंगामासाठी कंद पुन्हा विकत घ्यावे लागतात. काश्मिरी केशराला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले असल्याने अन्यत्र पिकविलेले केशर त्या नावाने विकता येत नाही. रायपूरच्या ऑक्टोबरमध्ये खोली १७ अंशांवर ठेवणे म्हणजे मुख्यतः शीतकरणाचा खर्च आहे, हे आधीच गृहीत धरावे लागते.

वायरिंग, मीटर आणि सुरक्षितता

१६ तास अखंड चालणारा भार घरातील साध्या सॉकेटवर किंवा जोडपट्टीवर देणे धोक्याचे आहे. जुन्या घरांतील वायरिंग आधी तपासून घ्यावी. दिव्यांसाठी स्वतंत्र वाहिनी, योग्य क्षमतेचा एमसीबी आणि गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरवर पोहोचताच वीज तोडणारे उपकरण बसवावे. पाण्याची टाकी व नळ्यांच्या वर विजेची जोडणी ठेवावी, खाली नव्हे.

वीज पूर्ण गेल्यास दिवेही बंद होतात, त्यामुळे उष्णतेचा स्रोत थांबतो. खरा धोका असतो तो दिवे चालू राहून केवळ पंखा किंवा वातानुकूलन बंद पडण्याचा. केवळ हवेचा विचार केल्यास ६०० वॅटचे दिवे दहा फूट उंचीच्या अशा खोलीचे तापमान साधारण एका मिनिटात १ अंशाने वाढवू शकतात. भिंती उष्णता शोषत असल्याने प्रत्यक्ष वेग कमी असतो, तरी काही तासांत पीक करपते. तापमान ३५ अंशांवर जाताच दिवे आपोआप बंद करणारे थर्मोस्टॅट हा यावरचा स्वस्त आणि अत्यावश्यक उपाय आहे.

उत्पादन विक्रीसाठी असेल तर वीज वितरण कंपनीकडून जोडणीची योग्य वर्गवारी व मंजूर भार यांची आधीच खातरजमा करावी. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ नुसार मंजूर प्रयोजनाव्यतिरिक्त वीज वापरल्यास लागू दराच्या दुप्पट आकारणी होऊ शकते.

गुंतवणुकीपूर्वी

खोलीतील शेती परवडेल की नाही, याची कसोटी सोपी आहे : महिन्याचे वीजबिल भागिले विक्रीयोग्य माल. वरील एलईडीच्या उदाहरणात महिन्याला २० किलो पालेभाजी निघाली तर किलोमागे केवळ दिवे व त्यांच्या शीतकरणाचा खर्च सुमारे १३४ रुपये येतो. बियाणे, मजुरी, भाडे आणि उपकरणांची झीज त्यात धरलेली नाही. मेथी किंवा कोथिंबीर या खर्चावर विकणे कठीण आहे. हॉटेलांना लागणारे मायक्रोग्रीन्स, विदेशी भाज्या किंवा दर्जेदार रोपे यांनाच हा भार पेलतो, आणि तोही निश्चित ग्राहक असल्यास.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी एकाच मांडणीवर एक हंगाम, त्यातही मे आणि ऑगस्ट हे दोन कठीण महिने, प्रयोग करून नोंदी ठेवणे श्रेयस्कर आहे. दररोजचे कमाल-किमान तापमान, आर्द्रता, युनिट आणि उत्पादन या चार रकाने असलेली वही पुरेशी होते. रायपूर येथे १९८७ मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय, तसेच जिल्ह्याजिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रांकडे पीकनिवड आणि रोगनियंत्रणासाठी मार्गदर्शन घेता येते. मे महिन्यातील वीजबिल भरूनही जे पीक नफ्यात राहते, त्याच पिकासाठी उरलेल्या मांडण्या विकत घ्याव्यात.